समुद्राची पैलथडी

इश्वर पेंटरनं समुद्र कधी पाहिला नव्हता. राजवाडाही त्यानं आतून पाहिला नव्हता, पण राजवाडे रंगवले होते एकतीस. जंगलं त्याहून जास्त. ‘रस्ता’ आणि ‘गरिबाचं घर’ हे दोन पडदे किती केले ते त्यानं मोजलेच नाहीत. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, कुठल्याही नाटक कंपनीला हे चार पडदे लागायचेच. या चार पडद्यांत माणसाचं अख्खं आयुष्य बसतं, असं त्याचा उस्ताद म्हणायचा. राजवाड्यात सुरू होतं, रस्त्यावर येतं, जंगलात हरवतं आणि गरिबाच्या घरात संपतं. इश्वरला हे पटायचं नाही. त्याच्या ओळखीतल्या कुणाचंच आयुष्य राजवाड्यात सुरू झालेलं नव्हतं.

आता तो बासष्ट वर्षांचा आहे. कोंढा गावाच्या बाजूला जी नवी वसाहत आहे, तिथं राहतो. धरणाचं पाणी वर चढलं तेव्हा जुनं गाव उठलं आणि इथं येऊन बसलं. इथल्या गल्ल्या सरळ आहेत, घरांना नंबर आहेत. गाव सोडताना लोकांनी दारं, चौकटी, कवेलू, जे निघेल ते काढून आणलं. त्यामुळे वसाहतीतल्या सिमेंटच्या घरांना जुनी सागवानी दारं आहेत, आणि कुठलंच दार आपल्या भिंतीला नीट बसत नाही. इश्वरचं दार बोटभर उंच निघालं. त्यानं ते खालून तासलं. तासताना जनाबाई, त्याची बायको, बाजूला उभी होती. ती म्हणाली, “दाराचे पाय कापले तुमी.”

जुनं गाव नदीच्या पलीकडे होतं. बाजाराला यायचं तर डोंगा धरावा लागे. परतताना माणूस ऐलथडीला उभा राही आणि समोर आपलंच गाव दिसे. आमराई, कवेलूंची उतरती छपरं, आणि महादेवाचं पांढरं देऊळ, लांबून चुन्याच्या ठिपक्याएवढं. मग दोन्ही हात तोंडाशी धरून हाक घालायची: “होऽऽ डोंगाऽऽ!” पलीकडे ज्याच्या कानावर ती हाक पडेल त्यानं उत्तर द्यायचंच, अशी रीत होती. तो डोंगेवाला असो, धुणं धुणारी बाई असो, शेळ्या चारणारं कुणी असो. “होऽऽ!” एवढंच. डोंगा तासाभरानं येवो, उत्तर लगेच यायचं. उभ्या माणसाला आपली हाक पोचली हे कळलं पाहिजे, इतकाच त्याचा अर्थ.

नऊ वर्षांचा असताना इश्वर याच डोंग्यातून बापाबरोबर दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतलं नाटक बघायला आला होता. नाटक त्याला आठवत नाही. सकाळी सगळे पांगल्यावर तो मंचावर चढला आणि राजवाड्याच्या खांबाला हात लावला, ते आठवतं. खांब हलला. कापड होतं. फसवणूक झाली असं त्याला वाटलं नाही. आपल्यालाही हे करता आलं पाहिजे, एवढंच वाटलं. पुढं पवनीच्या एका म्हाताऱ्या पेंटरकडं, याच उस्तादाकडं, त्यानं सात वर्षं रंग घोटले.

मग फ्लेक्स आला. मशीनमधून एका रात्रीत राजवाडा बाहेर पडू लागला, झुंबरांसकट. वडसा गावच्या नाटक कंपन्यांनी एकेक करून पडदे उतरवले. इश्वरचा शेवटचा राजवाडा कुणी नेलाच नाही. काही दिवस तो घरात उभा राहिला, बांबूला गुंडाळलेला. मग जनाबाईनं तो अंगणात पसरून त्यावर तूर वाळवायला घातली. सिंहासनावर कोंबड्या फिरल्या. इश्वर तेव्हापासून भिंतींवर स्वच्छतेचे संदेश लिहितो, दुकानांच्या पाट्या करतो, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतो. या कामाचं त्याला दुःख नाही. पण आठ वर्षांत त्यानं दोन पुरुष उंचीचं काही रंगवलं नव्हतं, आणि त्याचा उजवा खांदा आता वर जायला कुरकुर करू लागला होता. हात विसरतो की काय, याची त्याला भीती वाटे. हे तो कुणाला सांगत नसे.

डिसेंबरात, धान कापून झाल्यावर, साकोलीहून तृप्ती त्याच्याकडं आली.

तृप्ती तिथल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. वय तिशीच्या आसपास. तिची सहा माणसांची नाटकमंडळी आहे. शनिवार-रविवारी ही मंडळी गोलूच्या मिनी ट्रकमध्ये बसून गावोगाव जाते आणि जुन्या, गाजलेल्या पुस्तकांवरची नाटकं करते. गोलू गाडी चालवतो, माईक लावतो आणि खलनायकही होतो. झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं. यांचं दुपारी चारला सुरू होतं आणि दिवे लागायच्या आत संपतं, म्हणजे बायांना घरी जाऊन सैपाक करता येतो. लावणी नाही, मध्येच घुसणारा विनोदी नट नाही. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, हे तं शाळा होय. दुसऱ्या वर्षी तेच लोक बसायला पोती घेऊन आले.

तृप्तीचा एकच नियम कडक होता. पुस्तकाबाहेरचा एक शब्दही कुणी बोलायचा नाही.

या नियमाचा सगळ्यात जास्त जाच निर्मलाबाईंना होई. निर्मलाबाईंनी तीस वर्षं कंपन्यांत काढली होती. आई, विधवा, राणी, पुन्हा आई. समोरच्या गर्दीचा चेहरा बघून मनातलं चार वाक्यं जास्त बोलायची त्यांना सवय. तृप्ती तालमीत वही मिटून नुसती बघत राही, मग निर्मलाबाई म्हणत, “बरं बापा, नाई बोलत. पुस्तकवाला वरतून पायत असन.” इश्वरचं नाव त्यांनीच सुचवलं होतं. इश्वरच्या जंगलासमोर त्या वीस वर्षं रडल्या होत्या.

“काकाजी, मला समुद्र पाहिजे,” तृप्ती म्हणाली.

इश्वर बाजेवर बसला होता. “फ्लेक्सवाले देतेत ना बाई. गोव्याचा देतेत, मुंबईचा देतेत.”

“आमचं नाटक उन्हात असतं. फ्लेक्स चमकतो, नटांची तोंडं दिसत नाहीत. वाऱ्यानं फडफड वाजतो, वाक्यं ऐकू येत नाहीत. मला कापड पाहिजे.” आणि तिनं मोबाइल पुढं करून फोटो दाखवायला सुरुवात केली.

इश्वरनं हात आडवा केला. “फोटो ठेव. पुस्तक वाच.”

“अख्खं?”

“मंग? कोन मरते, कोठी मरते, मालूम नको? पडद्याले मालूम पायजे.”

तृप्तीनं तीन रविवार येऊन पुस्तक वाचलं. शंभरेक वर्षांपूर्वीची कादंबरी, कोकणातली. एका बाईचा नवरा जहाजावर जातो. ती रोज संध्याकाळी किनाऱ्यावर येते आणि पलीकडे पाहते. वर्षं जातात. लोक तिला वेडी म्हणतात, मग म्हणायचंही सोडून देतात. शेवटच्या पानावर ती रिकाम्या पाण्याकडे एकदा पाहते, पाठ फिरवते आणि घरी जाते.

इश्वर डोळे मिटून ऐके. जनाबाई सुपात लाखोरीची डाळ निवडत ऐके.

“शालूची माय, कशी वाटली?” पुस्तक संपल्यावर इश्वरनं विचारलं. शालू त्यांची मुलगी, तुमसरला दिलेली.

“बाई चांगली हाय,” जनाबाई म्हणाली. “पन थे खाते का? येवढ्या पुस्तकात एकदाबी चूल नाई पेटली तिची.”

तृप्ती हसली. घरी जाऊन तिनं पुस्तक पुन्हा चाळलं. खरंच पेटली नव्हती.

पंधरा दिवस समाजमंदिराच्या फरशीवर मांजरपाट अंथरलेला होता. जनाबाई पातेलंभर भाताची पेज करून आणायची. पेज आणि डिंक रंगात मिसळला की तो कापडाला धरतो. निळा कुठला घ्यायचा यावर इश्वर दोन दिवस अडला. शेवटी तो धानाच्या बांधीत जाऊन लाखोरीची फुलं घेऊन आला. धान निघाल्यावर त्याच ओलीवर लाखोरी येते, आणि जानेवारीत तिला अशी निळी फुलं लागतात की लांबून बांधीत पाणी भरलंय असं वाटावं. त्यानं तो निळा धरला. हात विसरला नव्हता. पहिल्या दिवशी खांदा दुखला, दुसऱ्या दिवशी कमी दुखला, तिसऱ्या दिवशी त्याला खांदा आहे हेच आठवलं नाही. खाली वाळू, मग फेस, मग पाणी, अठरा फूट रुंद पाणी, वर वर फिकं होत गेलेलं. कुणाला तो बघू देत नव्हता.

कोंढ्यात नाटक होतं त्या दिवशी सकाळी नऊ वाजता पडदा पहिल्यांदा उभा राहिला. बाजारामागच्या पटांगणात पश्चिमेच्या टोकाला एक ओटा आहे, त्याच्या मागं नुसती शेतं. सकाळचं ऊन समोरून पडद्यावर पडलं.

निर्मलाबाईंनी तोंडावर पदर घेतला. पाणी खरोखर हलल्यासारखं वाटत होतं.

मग तृप्ती जवळ गेली आणि मान वर करून म्हणाली, “काकाजी, हे काय आहे?”

“का?”

“हे. वरती. ही झाडं, ही घरं.”

“थडी.”

“कसली थडी?”

“पैलथडी,” इश्वर म्हणाला. एवढं काय विचारायचं, असा त्याचा चेहरा.

गोलू मोठ्यानं हसला. “काकाजी! तुमी तं समुद्राची बोडी केली! आता यात शिंगाडे लावून देऊ.”

इश्वरला हसू आलं नाही. भंडाऱ्याच्या माणसानं पाणी म्हणून जे जे पाहिलेलं असतं, शेतातली बोडी, तलाव, नदी, त्या सगळ्याला समोर काही तरी असतं. मातीची पार असते, पारीवर येनाची, मोहाची झाडं असतात. “पान्याले दुसरी थडी नसन, तं थे थांबन कायच्या भरवशावर?” त्यानं विचारलं.

“असते, काकाजी. पण हजारो मैल लांब. दिसत नाही.”

“असते ना पन?”

“असते.”

“मंग बरोबर हाय. नाई तं थे बाई रोज पायते कोनाकडं?”

तृप्ती ओट्याच्या कडेवर बसली. मग शांतपणे म्हणाली, “काकाजी, शेवटी तिच्यासमोर रिकामं पाणी आहे. रिकामं आहे म्हणून ती मागं फिरते. समोर इतक्या जवळ घरं दिसली, तर शाळेतलं पोरगंही विचारेल, ही बाई नावेत बसून जात का नाही? तिची सगळी वर्षं खोटी ठरतील.”

हे इश्वरला कळलं. नाटकाचं त्याला कळायचं.

गोलूनं गाडीतून एक गुंडाळी काढली. त्यानं गुपचूप फ्लेक्स छापून आणला होता. त्यात गोव्याचा समुद्र होता, नारळाची झाडं होती आणि एका कोपऱ्यात हॉटेलची छत्री राहून गेली होती. “राहू दे मनलं, इलाज मनून,” तो म्हणाला, जरा ओशाळून.

“अडीच वाजेपर्यंत थडी झाकून पडदा वाळला तर हाच लावू,” तृप्ती म्हणाली. “नाही वाळला तर... मला दुसरं काही करता येणार नाही, काकाजी.”

पडदा खाली उतरवला. जनाबाई शेजारच्या घरून पेज करून घेऊन आली. इश्वरनं निळा कालवला आणि डावीकडून सुरुवात केली.

आमराई झाकताना त्याला दिसलं की झाडं त्यानं ओळीनं काढली होती, आणि तिसरं झाड वाकडं होतं. वीज पडून वाकलेलं. आपण असं काढतोय हे रंगवताना त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या मते त्यानं समुद्राची पैलथडी काढली होती. कुठल्या तरी गावाची, कोकणातल्या नसेल तर आफ्रिकेतल्या. हात मात्र एकाच गावी जाऊन आला होता. शेवटी पांढरा ठिपका राहिला. त्यावरून ब्रश फिरवताना तो थांबला नाही. थांबला असता तर वाळायला उशीर झाला असता.

जनाबाई सुपानं वारा घालत होती. तिनं सगळं पाहिलं होतं. “महादेवबी?” ती एवढंच म्हणाली.

“वाऱ्याकडं ध्यान दे.”

सव्वादोनला पडदा वाळला. समुद्र आता समुद्र होता. तृप्तीनं लांब जाऊन पाहिलं, मान हलवली आणि इश्वरच्या हाताला हात लावला. गोलूनं फ्लेक्सची गुंडाळी गाडीत मागं सरकवली.

एक गोष्ट मात्र इश्वरच्या ध्यानात आली नाही. ध्यानात येण्याचं कारणच नव्हतं. उस्तादानं एकदा त्याला सांगितलं होतं की पडद्याच्या मागं दिवा ठेवू नये, झाकलेलं सगळं बाहेर येतं. पण इश्वरचे सगळे पडदे रात्रीच्या नाटकांचे. उजेड समोरून, मागं अंधार. चाळीस वर्षांत त्याच्या पडद्यामागं कधी सूर्य आलेला नव्हता.

चार वाजता नाटक सुरू झालं. वसाहतीतले बरेच लोक आले होते, जनाबाई पुढच्या रांगेत पोत्यावर बसली होती. ऊन पडद्याच्या वरून लोकांच्या डोळ्यांवर येत होतं, बाया पदर पुढं ओढून बघत होत्या. वारा होता म्हणून इश्वर पडद्यामागं बसून खालचा बांबू पायानं दाबून धरत होता. त्याच्या बाजूनं फक्त कापडाची उलटी पाठ दिसे. पुढचं त्याला फक्त ऐकू येत होतं. निर्मलाबाई वाक्यन् वाक्य पुस्तकातलं बोलत होत्या.

पाचच्या पुढं त्याच्या पाठीला ऊन लागायला लागलं. सूर्य शेतांवर उतरत होता. थोड्या वेळानं पुढची कुजबुज थांबली. लहान मुलं गप्प झाली. इश्वरला वाटलं, प्रसंग रंगला. मग गोलू वाकून पडद्याच्या बाजूनं मागं आला. त्याच्या मिशीला खलनायकाचा डिंक लागलेला होता.

“काकाजी,” तो कानाशी म्हणाला, “थे वरतं येऊन राहिलं.”

“का?”

“गाव.”

इश्वरनं मागं वळून सूर्याकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं. बाकीच्या कापडावर रंगाचा एकच थर होता. ऊन त्यातून आरपार जात होतं आणि समुद्र पेटल्यासारखा झाला असणार. जिथं दोन थर होते तिथं ऊन अडत होतं. आमराई सावली होऊन उभी राहिली असणार. छपरं, वाकडं झाड, देऊळ. त्यानं स्वतःच्या हातानं जे झाकलं तेच आता सगळ्यात काळं दिसत असणार. आता काही करता येत नव्हतं. ही शेवटचीच वेळ, त्याला वाटलं. उद्यापासून हॉटेलची छत्री. त्यानं बांबू घट्ट धरला, निदान तो तरी हलू नये म्हणून.

पुढं शेवटचं पान आलं होतं. निर्मलाबाईंनी लोकांकडं पाठ केली आणि समुद्राकडं पाहिलं. त्यांना तिथं रिकामं पाणी बघायचं होतं. पुस्तकात तसं होतं.

त्या बघत राहिल्या. फार वेळ. तृप्ती बाजूला वही धरून उभी होती, तिला वाटलं बाई वाक्य विसरल्या.

निर्मलाबाईंचं माहेरही नदीकाठचंच. त्यांचे दोन्ही हात वर आले, तोंडाशी जुळले.

“होऽऽ डोंगाऽऽ!”

पुस्तकात हे नव्हतं. तृप्तीची वही खाली आली. पुढच्या रांगेतली जनाबाई उठून उभी राहिली होती, आणि तिच्या मागं आणखी काही माणसं. हाक पडद्याला लागून शेतांवर गेली.

इश्वर पडद्यामागं होता. नाटकात त्याचं काम नव्हतं, त्याला वाक्य नव्हतं, नियम त्याला ठाऊक होता. पण हाक आली होती आणि तो पलीकडे होता.

“होऽऽ!” तो म्हणाला.

आवाज समुद्राच्या पाठीमागून आला. फार मोठा नाही, म्हातारा, जरासा चिरकलेला. निर्मलाबाईंचे हात हळूहळू खाली आले. त्या वळल्या. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे त्या पाठ फिरवून घरी गेल्या. फक्त, आपली हाक पोचली हे कळलेली बाई जशी चालते तशा चालत गेल्या.

टाळ्या पडल्या तेव्हा इश्वरनं त्या ऐकल्या नाहीत. तो बांबूवरून पाय काढायचंच विसरला होता.

तृप्ती मागं आली तेव्हा तो उठून उभा राहिला. काय बोलायचं ते त्यानं ठरवून ठेवलं होतं.

“बाई, चूक माही. रात्रीचा मानूस मी, मले सूर्याचं ध्यान नाई राह्यलं. फ्लेक्सच लाव तू आता.”

तृप्तीचे डोळे लाल होते. “पुस्तकात हे नाही, काकाजी,” ती म्हणाली.

“नाई ना.”

“निर्मलाबाईंना मी सकाळीच सांगितलं होतं, एक शब्द बाहेरचा नाही म्हणून.”

“थिले नको बोलू. हाक मारली थिनं. उत्तर मी देल्लं.”

तृप्ती पडद्याची उलटी पाठ बघत राहिली. तिथं काही नव्हतं, नुसते रंगाचे डाग. मग तिनं वही उघडली, शेवटच्या पानावर काही तरी लिहिलं आणि विचारलं, “पुढच्या रविवारी आंबागडला आहे. तिथं सूर्य कुठल्या बाजूनं मावळतो?”

“तिथं किल्ल्याची टेकडी हाय,” तो सावकाश म्हणाला. “मावळती टेकडीमांगं असन, तं सूर्य लौकर बुडन. तीनलेच सुरू करा लागन. अना ओटा पायून घ्या लागन. मांग मोकळं पायजे.” बोलता बोलता त्याचा हात वर जाऊन हवेत टेकडीचा चढ काढत होता. “महादेवावर मी थर जास्त देल्ला. थोडा खरवडतो. थो काळा नाई दिसला पायजे.”

“झाकलेलंच ठेवायचं ना पण?”

“झाकूनच. शेवटापर्यंत झाकूनच.”

गोलू गाडीत सामान भरत होता. फ्लेक्स त्यानं जनाबाईच्या हवाली केला, आणि जनाबाईनं तो काखेत मारला. तूर काढायला झालीच होती.

आता मंडळीत सात माणसं आहेत. कुठल्या गावाला जायचं ठरलं की इश्वर दोन दिवस आधी बसनं जातो, पटांगणात उभा राहतो, काठी रोवून सावली बघतो. लोक विचारतात, काहून उभे आहा बापा, मंडप का टाकता इथी? तो म्हणतो, समुद्र आणून राहिलो.

एक अडचण होती. नाटक चालू असताना तो पडद्यामागं असे, आणि पुढून काय दिसतं हे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. आंबागडला नाटकाच्या आदल्या दिवशी तृप्तीनं पडदा उभा करवला, बांबू गोलूच्या हातात दिला आणि इश्वरला समोर बसवलं. जनाबाईही आली होती. पटांगणात दोघंच, पोत्यावर. टेकडीच्या बाजूला सूर्य उतरत होता.

आधी समुद्र उजळला. मग एक सावली आली, वाकडी. तिच्या दोन्ही बाजूंनी बाकीची झाडं आली. इश्वरचे ओठ झाडं मोजत होते.

“आपलं घर कोठी हाय थ्याच्यात?” जनाबाईनं विचारलं.

“देवळाच्या डाव्या अंगाले. तिसरं छप्पर.”

तिनं डोळे बारीक करून पाहिलं. “दार नाई दिसत.”

“दार इकडं आनलं ना आपन,” इश्वर म्हणाला.

जनाबाईनं मान हलवली. तेवढ्यात पडद्यामागून गोलू ओरडला, “काकाजी, झालं का पाहून? पाय दुखून राहिला माहा!”

इश्वरनं दोन्ही हात तोंडाशी नेले. “होऽऽ!” त्यानं या थडीवरून उत्तर दिलं, आणि तो उठला नाही.